दोन मार्कांचा प्रश्न

गेले दोन विकांत इथे काही लिहिलं नाही. दोन्ही शनिवार-रविवार भोसरीत मामाच्या शेडमध्ये गेले. निम्मा वेळ मक्याच्या भरड्यात हात घालून, उरलेला मान खाली घालून.

मी शिकलो मेकॅनिकल आणि लागलो आयटीत. आमच्या बॅचचे निम्मे तसेच लागले, त्यामुळे त्यात काही विशेष नाही. हिंजवडीत बसून एका अमेरिकन कंपनीचं बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळतो. मामाला हे कधीच पटलेलं नाही. त्याचं भोसरी एमआयडीसीत छोटं प्रेस शॉप आहे. तीन पॉवर प्रेस, पाच माणसं आणि गेटवर झोपणारा एक कुत्रा. पितळी पत्र्याच्या चकत्या कापायच्या आणि डायमधून दाबत दाबत त्यांच्या खोल टोप्या काढायच्या, हे मुख्य काम. टोपी म्हणजे एका बाजूने बंद असलेली नळी, पेनाच्या टोपणासारखी. पत्रा ७०:३० चा, म्हणजे सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. या पितळाला जगभर काडतुसाचं पितळच म्हणतात. बंदुकीच्या गोळीची पुंगळी याचीच असते, आणि ती बनवायची रीतही हीच. सपाट चकतीची खोल नळी होते तरी हे पितळ फाटत नाही.

(निदान लगेच फाटत नाही. पण ते पुढे.)

प्रेसमधून निघालेल्या टोप्या तेलकट आणि काळपट असतात. मामाकडे त्यावर वर्षानुवर्षं एकच उपाय होता. मोटरवर फिरणारं एक लाकडी अष्टकोनी पिंप, आत सुतारकामाचा भुसा आणि टोप्या. दोन तास फिरवलं की तेल भुशात जातं. टोपी स्वच्छ होते, पण चमकत नाही. आजवर कुणी चमक मागितली नव्हती. या जूनमध्ये एका नव्या गिऱ्हाइकाने मागितली, कारण टोप्या शोभेच्या दिव्यांवर दिसणाऱ्या जागी बसणार होत्या. मामाने फोन केला. "तू इंजिनियर ना रे? बघ जरा इंटरनेटवर, कशात फिरवायच्या त्या."

आयुष्यात पहिल्यांदा मामाने मला इंजिनियर म्हटलं होतं. मी काय सोडतो!

योगायोग असा की आमच्या क्लायंटकडचा एक टेस्टर टेक्सासात राहतो आणि त्याला नेमबाजीचा नाद आहे. तिकडे हे लोक वापरलेल्या पुंगळ्या गोळा करून घरी आणतात, साफ करतात, नवीन प्रायमर, दारू आणि गोळी भरून परत वापरतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतुसं तयार करणं हा गुन्हा आहे, त्यामुळे गॅरेजमध्ये असले उद्योग करणारा शेजारी पुण्यात भेटायचा नाही. शिवाय ज्या ५० मीटर रायफलवर आपल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ब्राँझ आणलं, तिची पॉइंट टू-टूची पुंगळी परत भरण्यासारखी नसतेच. तिचं प्रायमर कडेच्या गोटात असतं आणि गोळी उडताना तो गोटच चेपतो. पण साफ करण्यापुरता टेक्सासचा आणि भोसरीचा प्रश्न एकच होता. तेच पितळ, तसाच आकार, पुंगळीतला धूर सोडला तर मळही साधारण तसाच.

शुक्रवारच्या कॉलवर बिलिंगचं संपवून मी विषय काढला. गडी पाऊण तास बोलला. त्याच्या मंडळींत म्हणे यावरून भांडणं होतात. पुण्यात मिसळीवरून होतात तशी, असं मी मनात म्हटलं.

थोडक्यात, तीन पंथ आहेत. पहिला मक्यावाल्यांचा. दाणे काढलेल्या कणसाचा जो दांडा आपण गुरांपुढे किंवा चुलीत टाकतो, तो वाळवून त्याचा रव्याएवढा भरडा करतात. तो मऊ असतो, तेल पितो आणि छान चमक देतो, पण जुना घट्ट मळ काढताना दमतो. दुसरा अक्रोडवाल्यांचा. अक्रोडाच्या कवचाचा चुरा जास्त कडक आणि टोकदार, मळ खरवडून काढतो, पण त्याची चमक मक्याइतकी नाही. त्यात तांबडी पॉलिशची पूड मिसळलेली असेल तर सगळीकडे तांबडी धूळ. हे दोन्ही कोरडे प्रकार, आणि थरथरणाऱ्या भांड्यात चालतात, ज्याला आपल्याकडे व्हायब्रो म्हणतात. प्रायमरमुळे पुंगळीत शिसं उरतं, ते धुळीतून नाकात जाऊ नये म्हणून तो झाकण लावून, घराबाहेर मशीन चालवतो. तिसरा पंथ ओल्यावाल्यांचा. फिरत्या डब्यात पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, चिमूटभर सायट्रिक ॲसिड आणि स्टेनलेस स्टीलच्या बारीक काड्या, साधारण एक मिलिमीटर जाड आणि साडेसहा लांब. पुंगळी आतून-बाहेरून दागिन्यासारखी निघते. मग मात्र ती नीट वाळवायची आणि आत अडकलेल्या काड्या एकेक करून शोधायच्या.

शेवटी त्याने विचारलं, "भरड्यात पॉलिश कोणतं घालणार?" मी म्हटलं, मिळेल ते एखादं. तो काहीतरी सांगायला लागला, तेवढ्यात कुणीतरी प्रॉडक्शन बंद पडल्याचा मेसेज टाकला आणि आम्ही दोघंही पळालो. तो अर्धवट राहिलेला प्रश्न मी परत विचारला नाही. मला वाटलं, मुद्दा माध्यमाचा आहे, पॉलिश काय, किरकोळ.

पुढचा शनिवार मजेत गेला. मामाने शेजारच्या शेडमधून व्हायब्रो मागून आणला. मक्याचा भरडा आणि स्टीलच्या काड्या दोन्ही इथेच मिळतात, सराफी कामात वापरतात म्हणून. अक्रोडासाठी मी घरात दिवाळीपासून पडून असलेले अक्रोड फोडले. आईने कवचं दळायला मिक्सर दिला नाही, मग खलबत्ता. त्या अर्धा किलो चुऱ्याने चाचणी झाली आणि तळहाताला फोडही आले. भाताचं तूसही घालून पाहिलं, फुकट मिळतं म्हणून. त्यात सिलिका असते, त्यामुळे टोप्यांवर बारीक ओरखडे उठले. स्टीलच्या काड्यांनी चमक सुरेख आली, पण टोपीची भिंत फक्त ०.४ मिलिमीटर. तीन तास काड्यांचा आणि एकमेकींचा मार खाऊन तोंडाची कड आत वळली आणि झाकण बसेना. अक्रोड बरा, पण मंद. मका जिंकला. त्यात मी बोहरी आळीतून आणलेलं धातूचं पॉलिश चार चमचे घातलं. डबा उघडला की नाकात झिणझिण्या यायच्या, म्हणजे माल कडक असणार, असा माझा शास्त्रीय निष्कर्ष.

दोन तासांनी टोप्या बाहेर काढल्या तेव्हा मामा काही बोलला नाही. एक टोपी खिडकीशी धरून फिरवत राहिला. मग मामीला फोटो पाठवला. २४०० टोप्या पॉलिश झाल्या, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत सीलबंद झाल्या आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात, धो धो पावसात, गेल्या.

तीन आठवड्यांनी सगळा लॉट परत आला.

तीनशेच्या आसपास टोप्यांना तडे गेले होते. उभे, तोंडाच्या कडेपासून खाली उतरणारे, केसाएवढे बारीक. कुणी आपटल्या नव्हत्या, चेपल्या नव्हत्या. पिशवीत बसल्या जागी फाटल्या होत्या. आणि उरलेल्या एकवीसशे चांगल्या दिसत असल्या तरी उद्या कोणती फाटेल ते कोण सांगणार? गिऱ्हाइकाने सगळ्याच नाकारल्या, आणि ते बरोबरच होतं.

मामाला वाटलं पत्रा खराब आला. त्याने पत्रेवाल्याशी भांडायची तयारीही केली. मग आमच्या प्रेसवरच्या काकांनी कोपऱ्यातला एक ट्रे आणून ठेवला. त्याच कॉइलच्या टोप्या, त्याच दिवशी ओढलेल्या, पण जुन्या पिंपात भुशात फिरवलेल्या. एकीलाही तडा नव्हता. काका म्हणाले, "पत्रा तोच आहे, साहेब." आणि माझ्याकडे न बघता चहा आणायला गेले.

फरक फक्त माझ्या पॉलिशचा होता. डबा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली. अमोनिया. नाकातल्या झिणझिण्या त्याच्या होत्या.

आणि मग आठवलं. सेकंड इयर, मेटलर्जी, 'टीप लिहा: सीझन क्रॅकिंग', दोन मार्क. मी ती टीप लिहिली होती आणि दोनपैकी दोन मिळवले होते. ओढलेल्या पितळात ताण साठून राहतो. दमट हवेत अमोनिया मिळाला की तो कणांच्या सीमांमधून पितळ कुरतडतो आणि आतला ताण ती फट उघडत नेतो. जस्त जास्त तेवढा धोका जास्त, आणि ७०:३० त्यात चांगलंच बसतं. ताण, अमोनिया, ओल. तिन्ही मी स्वतःच्या हाताने एका पिशवीत सीलबंद केले होते.

गंमत म्हणजे (तेव्हा गंमत वाटली नाही) हा शोध भारतातलाच. ब्रिटिशांच्या काळात इथल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवत. पावसाळा सरेपर्यंत पुंगळ्यांना तडे जायचे, विशेषतः गोळी घट्ट बसावी म्हणून जिथे पुंगळी आवळलेली असते तिथे. पुंगळी फाटली की काडतूस वाया. सीझन क्रॅकिंग हे नाव त्या पावसाळ्याचं. दोष घोड्यांच्या मुतातून उठणाऱ्या अमोनियाचा, हे नीट सिद्ध व्हायला १९२१ साल उजाडलं. भोसरीला जाताना मी दर वेळी खडकीवरून जातो. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे. मी लहानपणापासून त्या बाजूने गेलोय आणि पुस्तकातली टीप त्याच गावच्या पितळाबद्दल असू शकते, हे कधी डोक्यात आलं नाही.

मामाला सगळं सांगितलं. पॉलिश मी आणलं होतं, हेही. तो बराच वेळ प्रेसचं हँडल पुसत होता. मग म्हणाला, "घोड्याच्या मुतात बुडवल्यास म्हणजे माझ्या टोप्या." आणि जेवायला गेला. भंगाराला भाव बरा मिळाला, पितळाचं तेवढं चांगलं असतं. गेली ती मजुरी, वीज आणि त्या गिऱ्हाइकाकडची पत. पैसे मी देऊ केले. त्याने घेतले नाहीत, आणि ते जास्त लागलं.

उपाय तबेल्यांच्या काळातच सापडलाय. एक म्हणजे अमोनिया जवळ येऊ द्यायचा नाही. दुसरा, ओढून झाल्यावर पितळ अडीचशे ते तीनशे अंशांवर तासभर भाजायचं. कडकपणा फारसा कमी होत नाही, साठलेला ताण मात्र बराच उतरतो. दोन गल्ल्या पलीकडे हीट ट्रीटमेंटवाला आहे, मामाचा जुना दोस्त. टोप्या आधी साबण आणि सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात धुतल्या. आजी देवाची भांडी चिंचेने घासायची ते हेच, तिथे टार्टारिक ॲसिड, इथे सायट्रिक. मग खळखळून धुऊन वाळवल्या, भाजल्या आणि शेवटी नुसत्या कोरड्या मक्यात फिरवल्या, पॉलिशशिवाय. चमक आधीच्या लॉटपेक्षा कमी आहे. मामाला चालतेय.

गेल्या शनिवारी परीक्षा घेतली, या वेळी दोन मार्कांची नाही. दोन काचेच्या बरण्या, तळाशी अमोनियाचं पाणी, वर जाळीवर टोप्या. एकीत न भाजलेल्या पाच, दुसरीत भाजलेल्या पाच. झाकणं लावून घरी आलो. रात्री झोप अशी लागलीच नाही. रविवारी सकाळी गेलो तर मामा आधीच भिंग घेऊन बसलेला. दोन्ही बरण्यांतल्या टोप्यांवर निळेभोर थेंब जमले होते, तांबं विरघळून आलेलं. न भाजलेल्या पाचांपैकी चार फाटलेल्या. भाजलेल्या पाचही धुऊन, पुसून, भिंगाखाली तीन-तीनदा फिरवल्या. एकही तडा नाही.

मामाने फाटलेल्यांतली एक टोपी उचलून माझ्या हातावर ठेवली. "ही ने ऑफिसात. कॉम्प्युटरवर ठेव."

ठेवलीय. टेक्सासवाल्याला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर तो म्हणाला, तेच तर मी तेव्हा सांगत होतो :)

दोनशे टोप्यांचा नवा नमुना गुरुवारी गिऱ्हाइकाकडे गेला. या वेळी कागदी खोक्यांतून. अजून फोन आलेला नाही.