अब्बांचा स्वेटर

गेल्या हिवाळ्यात मी एका मुलीला वर्गाबाहेर उभे केले. आमच्या उर्दू शाळेची सकाळची पाळी. गणवेशावर तिने भावाचे जाडजूड जाकीट चढवले होते. नियम म्हणजे नियम, असे मीच सुनावले. ती काही बोलली नाही. सायकल चालवून लाल झालेली बोटे तिने बाह्यांत ओढून घेतली. बाह्यांना आतून दोन घड्या होत्या. त्या घड्या मी ओळखल्या.

दहावीपर्यंत मी जुन्नरला खालाकडे राहून शिकले. 2004 साली अकरावीसाठी निरगुडसरहून मंचर गाठायचे होते. एसटीची वेळ जुळेना, म्हणून सायकल. तासाभराचा रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस आणि धुके. वारा पडलेला असला तरी चालती सायकल आपला वारा आपणच तयार करते आणि तो अंगाभोवतीची ऊब ओढून नेतो. लोकर स्वतः गरम नसते, ती फक्त हवा धरून ठेवते. विणीतून वारा शिरला की तीही जाते. हे मी पुढे बी.एड. होऊन वर्गात शिकवले. अब्बांना ते आधीच ठाऊक होते. स्वेटरच्या आत छातीवर ते वर्तमानपत्राची घडी ठेवायला लावत. मात्र खालाकडून आलेल्या 'इन्किलाब'ला दादी हात लावू देत नसे, त्यात अल्लाहचे नाव छापलेले असते म्हणून. मग मराठी पेपर.

दादीला माझ्या अंगावर बुरखा हवा होता. त्याचा घोळ दोनदा साखळीत अडकून फाटला. तिसऱ्यांदा तिनेच कात्री घेतली, बुरखा गुडघ्यापर्यंत आखूड केला आणि सलवारीच्या पायांना नाड्या बांधून दिल्या. कानटोपीवर मात्र अब्बांचा आक्षेप. 2001 च्या सुमारास जुन्नर वनविभागात बिबट्यांचे हल्ले वाढले होते, ती धास्ती अजून गेली नव्हती. "बेटा, कान खुल्ले रख," ते म्हणत. उसातली सळसळ ऐकू यायला हवी.

घरात लोकरीचा स्वेटर एकच, अब्बांचा. शेतीपंपाची वीज तेव्हा बऱ्याचदा रात्रीच असे. अब्बा दुसऱ्याच्या उसाला पाणी भरायला जात. फजरच्या वेळी घरी येत, स्वेटर काढून मला देत. त्यात त्यांच्या अंगाची ऊब आणि ओल्या मातीचा वास असे. बाह्या दोनदा दुमडून मी निघे. वाटे, त्यांचे काम संपले, आता ते चुलीपुढे शेकतील.

एके दिवशी वही विसरले म्हणून अर्ध्या वाटेवरून परत फिरले. अब्बा गोणपाट पांघरून पुन्हा शेताकडे निघाले होते. वीज अजून होती, पाणी अर्ध्यावरच होते. ते फक्त स्वेटर द्यायला घरी येत होते.

मी त्या मुलीला वर्गात घेतले. आता थंडीत माझ्या तासाला पहिली दहा मिनिटे लिहिणे नाही. बोटे ऊबेला येईपर्यंत पाढे तोंडी.

शाळा सुटताना तिला विचारले, "मग भाऊ काय घालतो?"

"तो दुपारच्या पाळीला असतो, टीचर. मी गेल्यावर हेच घालून जातो."

"आणि सकाळी?"

"सकाळी तो दूध घालायला जातो," ती म्हणाली आणि जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून सायकलवर बसली.