खुळखुळ नेमकी कुठली?

पिस्तूल विकत घेताना पुष्कळ जण ते कानाशी नेऊन हलवतात. आवाज आला नाही की माल चांगला. ओहायोत गेली कित्येक वर्षं मी बुल्सआय नेमबाजी करतो, स्वतःची पिस्तुलं स्वतः जुळवतो, आणि ही परीक्षा मला पटत नाही.

जॉन ब्राउनिंगने रचलेलं .४५ पिस्तूल अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारलं. त्याआधीच्या चाचणीत ते ६,००० फैरी न अडखळता चाललं होतं. दुसऱ्या महायुद्धात टाइपरायटर बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडने आणि रेल्वे सिग्नलच्या कारखान्यानेही ते बनवलं. एकाची स्लाइड (वरचा सरकता भाग) दुसऱ्याच्या फ्रेमवर (खालच्या सांगाड्यावर) कानस न लावता बसलीच पाहिजे, ही सैन्याची अट. स्लाइड आणि फ्रेममधली फट त्या अटीनेच मागितली. तिला ढिसाळ काम म्हणणं अन्यायाचं आहे.

कोल्ट कंपनीने याच पिस्तुलाचं नेमबाजांसाठीचं रूप आधी ‘नॅशनल मॅच’ म्हणून आणि १९५७मध्ये ‘गोल्ड कप’ म्हणून आणलं. यंत्रणा तीच. ट्रिगर रुंद झाला, मागचं साइट सरकवता येऊ लागलं. पण खरा फरक नळी आणि तिच्या तोंडाशी बसणाऱ्या बुशच्या जुळणीत आहे.

बुल्सआयमध्ये पन्नास यार्डांवर दहा गुणांचं वर्तुळ असतं ३.३६ इंचांचं, आणि पिस्तूल धरायचं एका हातात. दर गोळीला नळी स्लाइडबरोबर थोडी मागे जाते, खाली झुकून सुटते आणि परत वर येऊन स्लाइडच्या खाचांत अडकते. दोन्ही साइट्स स्लाइडवर असतात. म्हणून नळी दर वेळी स्लाइडमध्ये त्याच जागी परतली, की साइट दाखवतं तिथेच गोळी जाते. स्लाइड फ्रेमवर किंचित हलली तर कागदावर त्याचा परिणाम त्या मानाने फार थोडा. आणि कानाला ऐकू येणारी खुळखुळ बहुतेक तिथलीच असते!

मी रिकाम्या, तपासलेल्या पिस्तुलाची स्लाइड बंद करतो आणि वरच्या खिडकीतून दिसणारी नळीची मागची कड अंगठ्याने दाबतो. ती खाली दबली, तर फ्रेम कितीही घट्ट असो, गोळ्या पसरणार.

बुश बसवणं हे मला या कामातलं सर्वांत सुंदर वाटतं. सैल ठेवला तर नळीचं तोंड भरकटतं. फार आवळला तर नळी झुकताना अडते आणि स्लाइड पुरती मिटत नाही. म्हणून कानशीऐवजी बारीक पॉलिश पेपर घ्यायचा, दोन हात फिरवायचे, पुसायचं, जोडून पाहायचं. नळीवर घासल्याची चकाकी एकाच बाजूला दिसली तर अजून काम बाकी आहे.

कॅम्प पेरीच्या राष्ट्रीय स्पर्धांना जाण्यासाठी जुनं पिस्तूल सुधारायचं असेल, तर पहिला खर्च नळी-बुशवर करा. स्लाइड घट्ट करण्याचं नंतर बघू. अनेकदा त्याची गरजच उरत नाही.