करड्याच्या शेजारी कोण बसलंय?

हिरवा! म्हातारीच्या गालावर चक्क हिरवा! डोंबिवलीतल्या व्यक्तिचित्र रांगोळ्यांच्या प्रदर्शनात मी गुडघे टेकून, नाक जवळजवळ फरशीला लावून बघत होते. चार पावलं मागे सरले तर हिरवा गायब. समोर उरली थकलेली, कुणाची तरी वाट बघणारी आजी. पुढे गेले, पुन्हा हिरवा! लोक माझ्याकडे बघायला लागले. बघू देत!

काढणारीला गाठलंच. 'काळ्याने सावली दिली की चेहरा मळकट दिसतो हो काकू, दुःखी नाही दिसत,' ती म्हणाली. रांगोळीत लेक कलर नावाची रंगाची पूड मिसळून ती शेड तयार करते आणि चिमटीतून इतकी विरळ सोडते, की खालचा थर वरच्यातून डोकावत राहतो. पाणी नाही, ब्रश नाही. कण सुटेच राहतात. ते मिसळतात बघणाऱ्याच्या डोळ्यात!

घरी येऊन वाचत सुटले. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत तक्रार आली होती, काळा रंग फिका दिसतो. रंगविभाग सांभाळणाऱ्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने शोधलं, तर रंग चोख होता. बिघाड शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांनी केला होता. १८३९ साली त्याने यावर अख्खा ग्रंथ लिहिला. आणि आपलं नाट्यशास्त्र? तिथे शृंगार रसाचा रंग श्याम, गुलाबी नव्हे! करुणाचा कपोत, म्हणजे पारव्याचा करडा. पण नुसता करडा फासून कुणी रडेल का? रांगोळीतल्या त्या आजीच्या चेहऱ्याचा करडा काळजाला भिडला तो लुगड्याच्या तांबड्या काठामुळे.

आता लाल म्हणजे राग, निळा म्हणजे शांती असले तक्ते मला फुकट दिले तरी नकोत. शेजार बदलला की रंगाचा भावच बदलतो! डोंबिवलीत १९९९पासून पाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा निघते. तिथल्या रांगोळ्यांत चाळणीने पसरलेल्या भगव्यावर पाच बोटांतून सुटलेली पांढरी रेघ कशी उसळते. तीच निळ्यावर किती निवांत होते! इतकी वर्षं हे सगळं पायाशी होतं.

खोटं वाटत असेल तर आत्ता एक लाल आणि एक हिरवा कागद घ्या. प्रत्येकाच्या मधोमध एकाच करड्या कागदाचा एकेक बारका तुकडा ठेवा. लालवरचा हिरवट दिसेल, हिरव्यावरचा तांबूस. घरच्यांनाही बोलवा, आणि तुकडे एकच आहेत हे मात्र शेवटी सांगा!