चार बोटांची फट

मुलगी चौदा महिन्यांची झाली तरी अंथरुणातून उठताना माझ्या पोटाच्या मधोमध उंचवटा यायचा. जळगावात आई म्हणाली, "पोट नीट बांधलं नाही गं, म्हणून." धुळ्याच्या सासूबाईंचंही तेच. डिंकाचे लाडू, शेक, जुन्या लुगड्याचा पट्टा, सगळं झालं होतं. बांधल्याने आधार मिळतो, फट मिटत नाही.

पोटाचे दोन उभे स्नायू लिनिया अल्बा नावाच्या पट्टीने जोडलेले असतात. गरोदरपणात ती ताणते. बऱ्याच जणींची नंतर आपोआप आवळते. दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर राहिलं की सहसा डायस्टॅसिस म्हणतात. माझ्या फटीत चार बोटं मावायची. सहा महिने फिजिओथेरपी केली. मग ऑपरेशनचं ठरलं: ती पट्टी मधोमध दुमडून टाके घालतात. विमा कंपनीने 'कॉस्मेटिक' म्हणून नकार दिला. लेक उचलली की कंबर धरते, हे कॉस्मेटिक?

नवरा म्हणाला, दुसरं मूल हवं असेल तर थांबू, पुन्हा गरोदर राहिल्यावर दुरुस्ती ताणली जाऊ शकते. मुद्दा खरा होता. मी म्हटलं, दुसरं नकोच.

सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी फोन आला, "पोरीला सहा आठवडे उचलायचं नाही ना तुला? मग मी येते जळगावला."