वाढीचं दुखणं

सेकंड इयरला असताना, ऐन सबमिशनच्या आठवड्यात, रात्री मावशीचा फोन आला. "अरे, याचा गुडघा रात्रीचा फार ठणकतोय. तू शिकलेला, सांग काय करू?" मी मेसमध्ये ताटावर बसलो होतो. म्हणालो, "अगं मावशी, वाढीचं वय आहे, दुखणारच. तेल लाव." मावसभाऊ तेव्हा १२ वर्षांचा. इंजिनिअरिंगला असलेल्या पोराला गावाकडे सगळंच कळतं, असा समज असतो. खरं सांगायचं तर तो मलाही आवडायचा.

दीड महिना तेल लावलं. गावातल्या एकाने चोळूनही दिलं. मांडीच्या खालच्या टोकाला सूज आली, पोरगं लंगडायला लागलं, तेव्हा मावशी त्याला घेऊन घाटीत आली. एक्स-रे उजेडात धरून डॉक्टर म्हणाले, "चोळणं आजपासून बंद." मग म्हणाले, "इथे सुई टोचत नाही. टाटाला जा." त्याच रात्री आम्ही देवगिरी एक्स्प्रेसमध्ये होतो.

सुईचं कारण परळला कळलं. तपासणीचा तुकडा ज्या वाटेने काढतात, ती वाट पुढे गाठीबरोबर कापून काढावी लागते. म्हणून ऑपरेशन करणाऱ्यांनीच सुईची जागा ठरवायची. त्याआधी अख्ख्या हाडाचा एमआरआय आणि छातीचा सीटी. निदान झालं: ऑस्टिओसार्कोमा. १९७० च्या आधी पाय कापूनही पाचातलं जेमतेम एखादं मूल वाचायचं. आज आजार फुफ्फुसात पोचला नसेल, तर आधी केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो अशा उपचाराने दहातली सहा-सात वाचतात आणि बहुतेकांचा पायही राहतो.

पण १२ वर्षांच्या मुलाचा पाय वाचवणं म्हणजे काय, ते मला तिथल्या बाकावर बसून कळलं. हा आजार बहुधा गुडघ्याजवळच होतो, कारण तिथलं हाड सर्वात जोरात वाढतं. मांडीच्या हाडाची खालची ग्रोथ प्लेट वर्षाला साधारण १ सेंटिमीटर देते. गाठीबरोबर तीही बहुतेक वेळा जाते. मुलांची वाढ १६ पर्यंत धरली, तर ४ वर्षं गुणिले १ सेंटिमीटर. म्हणजे धातूचा सांधा बसवून आज सारखे केलेले पाय दहावीपर्यंत ४ सेंटिमीटरने वेगळे!

मित्रांनो, हा आपल्या ब्रँचचा प्रश्न निघाला. उत्तर आहे वाढणारा सांधा. एका प्रकारात छोटा छेद घेऊन पान्याने आतला स्क्रू फिरवतात. दुसऱ्यात छेदच नाही. पाय एका कॉईलमध्ये ठेवायचा, फिरत्या चुंबकीय क्षेत्राने आतला चुंबक मिनिटाला ३००० फेरे घेतो, गिअरबॉक्स तो वेग सुमारे १३००० पट कमी करतो आणि साधारण ४ मिनिटांत पाय १ मिलिमीटर वाढतो. नडगीकडचा दांडा तर मुद्दाम गुळगुळीत ठेवतात, म्हणजे तिथली वाढ चालू राहते. परदेशी सांधे फार महाग, म्हणून टाटाच्या डॉक्टरांनी देशी सांधे बनवून घेतले. आयआयटी मुंबईनेही त्यांच्याबरोबर यावर काम केलं. मशीन डिझाईनचा पेपर मी एकदा फेल झालोय. दुसऱ्यांदा पुस्तक उघडलं ते वेगळ्या मनाने.

भावाला स्क्रूवाला सांधा बसवला. आतापर्यंत दोनदा लांबी वाढवलीय. तो शाळेत जातो, पळता येत नाही, दर ३ महिन्यांनी छातीचा फोटो असतो. रिपोर्ट येईपर्यंत मावशी जेवत नाही.

वाढीचं दुखणं खरंच असतं. पण ते बहुधा दोन्ही पायांत, संध्याकाळी-रात्री, आणि सकाळी गायब. एकाच जागी, रोज वाढणारं, झोपेतून उठवणारं, सूज आणणारं दुखणं वेगळं. त्याला तेल नको, एक्स-रे हवा. हे मला माहीत नव्हतं, आणि "माहीत नाही" एवढं म्हणायला जीभ रेटली नाही.

तुमच्याही घरून असा फोन येईल. ताट बाजूला ठेवा आणि म्हणा, "मला नाही कळत. उद्याच डॉक्टरला दाखवा."