आईच्या खोलीचा पांढरा

आईच्या खोलीला रंग द्यायचा होता. शेडकार्डावर दोन ऑफव्हाइट आवडले होते, एकात किंचित पिवळसर झाक, दुसऱ्यात राखाडी. पण त्या दोन बोटांएवढ्या चौकोनांत फरक कळता कळेना.

"ताई, कार्डावर ठरवू नका, भिंतीवर मारून बघा," रंगारी म्हणाला. प्रायमर वाळलेल्या भिंतीवर त्याने दोन-दोन फुटांचे दोन चौकोन रंगवले, प्रत्येकाला दोन हात दिले आणि मध्ये वीतभर जागा सोडली.

खोली उत्तरेची. थेट ऊन येत नाही, आभाळाचा निळसर उजेड तेवढा येतो. त्या उजेडात राखाडी झाकेचा चौकोन पावसाळी दिसे आणि पिवळसर चक्क पांढरा. रात्री 6500 केल्विनची ट्यूब लावली की राखाडी आणखी निळा पडे. 3000 केल्विनचा दिवा लावला की तोच निवांत वाटे आणि पिवळसर थेट साजूक तुपावर जाई. आजी चुन्यात नीळ का कालवायची, ते मला त्या रात्री उमगलं. निळ्याने पिवळेपणा मरतो.

शेवटी आईलाच विचारलं. तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डाव्याचं व्हायचं होतं. तेव्हापासून एकेक डोळा झाकून बघायची तिला सवयच लागली होती. उजव्यावर तळहात ठेवून ती म्हणाली, "दोन्ही सारखेच की! पिवळट." मग डावा झाकला. "अगं, हा तर निळा आहे!"

मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा उजेड अडवतं, हे मला ऐकून माहीत होतं. पण माझी आई किती वर्षं अशा पिवळ्या पडद्याआडून आमच्याकडे, घराकडे बघत होती, हे त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. पोटात कालवलं.

आम्ही तिच्या नव्या डोळ्याचं ऐकलं आणि पिवळसर घेतला. खोली मुळातच निळसर उजेडाची, तिला ती ऊब हवी होती.

दुसरं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर आई पलंगावर बसली, आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. भिंतीवर हात फिरवत म्हणाली, "आता दोघांना एकच दिसतोय."