चाकोरी

इंग्रजीत ज्याला 'ड्राइव्हवे' म्हणतात त्याला मराठीत नेमका शब्द नाही. 'गाडीवाट' आहे, पण ती शेतातली. घरापुढे आपल्याकडे असायचे ते अंगण. बैलगाडी त्याच्या बाहेर सुटायची आणि सायकल जोत्याला टेकायची. आमच्या बेळगावात शेजारची कन्नड मंडळी त्याच जागेला 'अंगळ' म्हणतात. अक्षराचा फरक, पण सडा तोच, रांगोळी तीच आणि वाळवणावर बसणारी चिमणीही तीच.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत टिळकवाडी-हिंदवाडीपासून नव्या वसाहतींपर्यंत कितीतरी अंगणे सिमेंटच्या ठोकळ्यांखाली गेली. घरात चारचाकी येते, रस्त्यावर ती उभी करायला जागा नसते. मग फाटकापासून पायरीपर्यंत सगळे एकसारखे बंद करून टाकायचे. झाडायला सोपे, चिखल नाही, गवत नाही. यात कुणाचा दुष्टपणा नाही. सोय सगळ्यांनाच हवी असते.

यंदा मार्चमध्ये आमच्या चिरंजीवांनी गाडी घेतली आणि हा प्रश्न आमच्याही दारात आला. आमचे अंगण २० फूट रुंद, ३० फूट खोल. ठेकेदाराने जो आराखडा आणला त्यात सहाशेच्या सहाशे चौरस फुटांवर ठोकळे होते. मधोमध असलेले तुळशी वृंदावन गच्चीवर हलवायचे होते. माझी आई ८४ वर्षांची. गच्चीचा जिना तिने चार वर्षांपूर्वीच सोडला आहे. तिने विरोध केला नाही. "तुमच्या सोयीचं बघा बाबा," एवढेच म्हणाली. मात्र दुसऱ्या दिवसापासून तिची प्रदक्षिणा जरा जास्त वेळ चालू लागली. हे घरातल्या सगळ्यांनी पाहिले, पण कोणी बोलले नाही.

वाट सापडली ती एका म्हाताऱ्या गवंड्यामुळे. तो कुंपण दुरुस्त करायला आला होता. आराखडा बघून म्हणाला, "सर, चाकं दोन बाजूला, मग फरशी सगळीकडं कशाला वो? शेतातली गाडीवाट बघितलाय न्हवं? तसे दोन पट्टे ओढूया की."

'चाकोरी' या शब्दाचा मूळ अर्थ तोच, चाकांनी पाडलेली वाट. दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवत, ही बैलगाडीच्या रस्त्याची ओळख. आम्ही शिक्षक मुलांना आयुष्यभर चाकोरीबाहेर पडायला सांगत आलो. अंगणाच्या बाबतीत मात्र चाकोरीतच राहण्यात शहाणपण आहे.

साध्या मोटारीच्या डाव्या-उजव्या चाकांत साडेचार ते पाच फुटांचे अंतर असते. म्हणून दोन-दोन फुटांचे दोन पट्टे आणि मध्ये पावणेतीन फूट मोकळी माती, असे माप ठरले. फूटभर माती काढून खाली दगडगोटे घातले, त्यावर मुरूम टाकून धुम्मसाने ठोकला आणि वर जुन्या सोप्याच्या काळ्या दगडाच्या लाद्या बसवल्या. ३० फुटांत ४ इंचांचा उतार ठेवला, तोही रस्त्याकडे नव्हे, कडेच्या वाफ्याकडे. राहिले वृंदावन. ते हलवायचे की फाटक? चिरंजीव म्हणाले, "फाटक लोखंडाचं आहे बाबा, त्याला कुठंही उभं करता येईल." फाटक पाच फूट डावीकडे सरकले आणि वृंदावन जागेवर राहिले. खर्च थोडा वाढला, पण सहाशेपैकी १२० चौरस फूटच झाकले गेले. चार पंचमांश माती उघडी राहिली.

या मातीची किंमत आकड्यांत मांडता येते. ६०० चौरस फुटांवर १ इंच पाऊस पडला की ते पाणी ५० घनफूट, म्हणजे सुमारे १,४०० लिटर होते. आमच्या गावात पावसाळाभर असे इंचावर इंच पडत असतात. जमीन झाकली की हे पाणी गटारात जाते आणि एप्रिलमध्ये आपण टँकरला फोन करतो. राकसकोपचे पाणी नळाला येण्यापूर्वी हे गाव आड-विहिरींवर जगले. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली इथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा प्रतिनिधींच्या पाण्यासाठी विहीरच खोदावी लागली. काँग्रेस विहीर म्हणून ती आजही टिळकवाडीत आहे. विहिरीला पाणी पुरवतात ती आजूबाजूची अंगणेच.

लावणीलाही थोडा विचार लागतो. मधल्या पट्ट्यात हरळी आपोआप पसरली. गाडीच्या पोटाला लागणार नाही इतकेच बुटके तिथे चालते. गाडीचे दार उघडते तिथे दोन फूट मोकळे ठेवले. कोरांटी, बोगनवेल अशी काटेरी मंडळी लांब कुंपणापाशी गेली. फाटकाजवळची मेंदी गुडघ्याच्या वर वाढू द्यायची नाही, कारण मागे येणाऱ्या गाडीला रस्त्यावरचे लहान मूल दिसले पाहिजे. गाडी उभी राहते तिथे माथ्यावर नारळ नको. पारिजातक चालतो, सकाळी टपावर फुलांचा सडा पडतो एवढेच. उजव्या वाफ्यात अनंत, तगर, अबोली आणि जास्वंद आहे. समोरच्या अक्का तिला 'दासवाळ' म्हणतात आणि रोज पाच फुले हक्काने नेतात.

गल्लीतली मुले दिवाळीच्या किल्ल्यासाठी हल्ली आमच्याकडेच माती मागायला येतात. त्यांच्या घरांपुढे माती उरलेली नाही. आमच्या गावाला किल्ल्यांची केवढी हौस! पण पोत्यातून विकत आणलेल्या मातीचा राजगड करणाऱ्या मुलाला पायाखालच्या जमिनीचा रंग कसा कळणार? म्हणून यंदा किल्ला आमच्याच अंगणात, वृंदावनाच्या पलीकडे आहे. त्याच्या दिंडी दरवाजावरची पाटी मराठीत आहे आणि मावळ्यांवर हुकूम सुटतात ते दोन्ही भाषांत.

आई आता सकाळी पट्ट्यावरून चालते. लाद्या सपाट असल्याने काठी घसरत नाही. "गाडीची वाट मलाही झाली," असे ती आल्या-गेल्याला सांगते. तुळशीच्या लग्नाला मांडव अंगणातच पडेल आणि त्या दिवशी गाडी बाहेर, रस्त्यावर उभी राहील. चिरंजीवांनी हे आतापासूनच कबूल केले आहे.